ड्रिल फिरतं, पण कापत नाही: मशीन खोलण्याआधी काय तपासावं

मशीनचा आवाज नेहमीसारखा आहे, चक (बिट धरणारा पुढचा जबडा) फिरतोय, पण भोक पुढे सरकत नाही. फरशीवर नुसता पांढरा गोल ओरखडा उमटलाय. लोखंडातून कीस निघायच्या ऐवजी काळी पूड पडतेय आणि बिटाचं टोक निळं झालंय. प्लायमधून धूर येतोय, कडा जळून काळ्या पडल्यात. होल सॉ, म्हणजे मोठं भोक पाडणारं दातेरी कडीचं कटर, अर्ध्यात अडकला आणि मनगटाला जोरात हिसका बसला. किंवा भोक पडलं खरं, पण अंडाकृती, आणि नळ बसवला तर बाजूने फट दिसते.

यातलं एकही लक्षण असेल तर मशीन दुरुस्तीला नेण्याआधी हे वाचा. नाशिकमध्ये सातपूरला आमचं पॉवर टूल दुरुस्तीचं काउंटर आहे आणि बावीस वर्षं ही एकच तक्रार मी ऐकत आलोय: "दादा, मशीनची पॉवर गेली. फिरतं, पण कापत नाही." मशीन खोलून बघावं तर आर्मेचर ठीक, गिअर ठीक, ब्रश अजून निम्मे शिल्लक. मग मी विचारतो, पुढे काय लावलं होतं आणि कशाला भोक पाडत होता? दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. दुकानात आपण भोकाचं माप सांगून कटर घेतो. "पस्तीसचं द्या," एवढं सांगितलं की दुकानदार पस्तीसचं काढून देतो. पस्तीसचं कटर लाकडाचं वेगळं, पत्र्याचं वेगळं, फरशीचं वेगळं. कशातून भोक पाडायचंय हे आधी ठरलं पाहिजे, माप त्यानंतर.

तपासण्या फुकटच्यापासून सुरू करतो. याच क्रमाने जा, मधलं काही गाळू नका.

पैसे न लागणाऱ्या तीन गोष्टी

पहिली, फिरण्याची दिशा. ट्रिगरजवळची पट्टी किंवा बटण मशीन उचलताना बोटाने सरकतं आणि मशीन उलटं फिरायला लागतं. मशीनच्या मागून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरलं पाहिजे. ही तपासणी महत्त्वाची, कारण बिटाची धार आणि होल सॉचे दात एकाच दिशेने कापतात. उलटे फिरले की नुसते घासतात, तापतात, आणि पाच मिनिटांत नवं कटर निकामी होतं. आमच्याकडे यासाठी आलेल्या माणसाकडून आम्ही पैसे घेत नाही, पण त्याचं जळलेलं कटर परत येत नाही याचं वाईट वाटतं.

दुसरी, हॅमरची खूण. मशीनवर एक हातोडीचं चित्र असतं, एक बिटाचं. वीट, काँक्रीट आणि भिंतीतला दगड यांना, तेही भिंतीचंच बिट लावलं असेल तर, हातोडी. बाकी सगळ्याला बिटाची खूण: फरशी, ग्रॅनाइट, काच, लाकूड, पत्रा, प्लास्टिक. हॅमरवर फरशीला कटर लावलं तर फरशी तडकते, कार्बाइडचे (खूप कडक पण ठिसूळ धातूचे) दात उडतात, डायमंडचा थर निघतो. उलट काँक्रीटमध्ये हॅमर बंद राहिला तर बिट आत जायच्या ऐवजी भोकाचा तळ गुळगुळीत करत बसतं.

तिसरी, चक. चावी एकाच भोकात घालून आवळू नका. तिन्ही भोकांत एकेकदा आवळा, म्हणजे तिन्ही जबडे सारखे बसतात. बिटाच्या दांड्यावर गोल ओरखडे दिसत असतील तर बिट चकमध्ये घसरत होतं; म्हणजे मशीन फिरत होतं आणि बिट जागेवर उभं होतं. खाचा असलेला एसडीएस दांडा साध्या चकमध्ये कितीही आवळला तरी नीट धरत नाही. तो रोटरी हॅमरसाठीच, म्हणजे जोरात ठोकणाऱ्या जड मशीनसाठीच असतो.

कटर त्या कामाचं आहे का

इथे थोडा वेळ द्या, कारण दहातली बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार मांडवाच्या अँगलला भोकं पाडत होते. तीन बिटं गेली, भोक एकही पूर्ण नाही. मशीन घेऊन आले आणि म्हणाले, हे बदलूनच द्या. बिटं बघितली तर तिन्ही भिंतीची. भिंतीच्या बिटाच्या टोकाला कार्बाइडची छोटी पट्टी डाग देऊन बसवलेली असते आणि तिची धार मुद्दाम जाड ठेवलेली असते, कारण तिचं काम ठोकून चुरा करण्याचं आहे. लोखंड चुऱ्याने निघत नाही, ते सोलावं लागतं. त्याला एचएसएसचं, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं बिट हवं: सगळं एकाच धातूचं, टोकाला हाताला जाणवणारी तीक्ष्ण धार. मी त्यांना दहाचं एचएसएस बिट दिलं, पंच मारून (भोकाच्या जागी खड्ड्याची खूण करून) घ्यायला सांगितलं, थोडं तेल. जुन्याच मशीनने काउंटरवरच्या अँगलच्या तुकड्याला अर्ध्या मिनिटात भोक पडलं. हेच एचएसएस बिट भिंतीत घातलं तर एका भोकात त्याची धार संपते, हेही लक्षात असू द्या.

मोठ्या भोकांचं सांगतो. गोल डब्यात एका चकतीवर सात-आठ कड्या मिळतात, तो साध्या कार्बन स्टीलचा होल सॉ. तो लाकूड, प्लाय, जिप्सम आणि प्लास्टिकसाठी. पत्र्यावर लावला की दात गेलेच, कारण कार्बन स्टील दोन-अडीचशे अंशांच्या पुढे तापलं की मऊ पडायला लागतं. पत्र्याला बायमेटलचा होल सॉ घ्या. त्याचं अंग लवचिक स्टीलचं आणि दातांची पट्टी एचएसएसची असते. एचएसएस सहाशे अंशांपर्यंत कडक राहतं. स्टेनलेस स्टीलला टीसीटी, म्हणजे कार्बाइडचे थोडेच पण जाड दात बसवलेलं कटर. ते चांगलं कापतं, पण हिसका सहन करत नाही. तिरकं धरलं किंवा घाईने दाबलं तर दात तुटून पडतात.

पातळ पत्र्याला, पॅनेलच्या बॉक्सला किंवा सिंकला भोक पाडायचं असेल तर मी होल सॉ सुचवतच नाही. पायऱ्यापायऱ्यांचं शंकूसारखं स्टेप ड्रिल घ्या. अंबडच्या पॅनेल बनवणाऱ्या कारागिरांच्या हातात तुम्हाला तेच दिसेल. एकाच बिटात अनेक मापं होतात, भोक गोल पडतं आणि पत्रा वळत नाही. फक्त पत्रा एका पायरीच्या उंचीपेक्षा पातळ हवा.

कपाटाच्या आतल्या बिजागरीला ३५ मिमीचं फोर्स्टनर बिट लागतं, कारण तिथे आरपार भोक नको, सपाट तळाची वाटी हवी. अठराच्या प्लायमध्ये बारा-तेरा मिमी खोल गेलात की थांबायचं. खोलीसाठी बिटावर रंगीत टेप लावून घ्या.

फरशी हा सगळ्यात जास्त फसवणारा माल आहे. बाथरूमच्या भिंतीची साधी ग्लेज्ड टाइल आणि व्हिट्रिफाइड टाइल वरून सारख्याच दिसतात. घरात उरलेला तुकडा असेल तर उलटा करून पाण्याचा थेंब टाका. थेंब मुरला तर साधी टाइल. भाल्याच्या टोकाचं कार्बाइड बिट चालेल. थेंब तसाच राहिला तर व्हिट्रिफाइड. ती अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, इतकी घट्ट भाजलेली असते. तिला आणि ग्रॅनाइटच्या ओट्याला डायमंड कटरच लागतं, ज्याला दात नसतात, नुसती खरखरीत कड असते. इंदिरानगरच्या एका फ्लॅटमध्ये कार्बाइडच्या बिटाने एका व्हिट्रिफाइड टाइलवर चाळीस मिनिटं घालवलेल्या प्लंबरला मी डायमंड कटर दिलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, तीन मिनिटं लागली म्हणून. तेच डायमंड कटर लाकूड किंवा लोखंडाला लावू नका. कड भरून जाते आणि पुन्हा फरशीलाही चालत नाही.

आपल्या नाशिकची एक खास अडचण आहे. पंचवटीतल्या आणि जुन्या गावठाणातल्या वाड्यांच्या जोत्याला काळा पाषाण आहे, म्हणजे बेसाल्ट. पांडवलेणी ज्या जातीच्या दगडात कोरली तोच. वर वीट आणि चुना, खाली हा दगड. वर लोण्यासारखं शिरणारं बिट जोत्यात एक सेंटिमीटर जाऊन थांबतं आणि माणूस मशीनला दोष देतो. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात. तो ठोका या दगडाला पुरत नाही. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने ठोकतो. जोत्यासाठी तो भाड्याने घ्या, तुमच्या इम्पॅक्ट ड्रिलचा जीव घेऊ नका.

माप एकदा पुन्हा

भोक मोठं किंवा लहान पडत असेल तर बहुधा नळाच्या मापाने फसवलंय. अर्ध्या इंचाच्या पाइपच्या आट्याचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिमी असतो, पाऊण इंचीचा २६.५ आणि एक इंचीचा ३३ च्या थोडा वर. "अर्धा इंच" हे पाइपचं नाव आहे, भोकाचं माप नव्हे. गच्चीवरच्या टाकीच्या निपलचा बाहेरचा व्यास आधी कॅलिपरने, नसेल तर पट्टीने मोजा आणि त्याला एक-दोन मिमी सैल असा होल सॉ घ्या. त्याहून मोठं भोक पडलं तर वायसर धरत नाही आणि टाकीला ठिगळ लागतं. टाकीला चपटं फावड्यासारखं लाकडाचं बिट मुळीच लावू नका. ते प्लास्टिकला खेचतं आणि भोक फाटतं. पडलेला भुसा टाकीतून काढून मगच पाणी सोडा, नाहीतर तो नळाच्या जाळीत येऊन बसतो.

वेग

कटर बरोबर आहे, तरी जळतंय? मग तुम्ही ट्रिगर पूर्ण दाबलाय. साधं तेरा मिमीचं ड्रिल पूर्ण दाबल्यावर मिनिटाला २८०० च्या आसपास फिरतं. बायमेटलचा २५ मिमीचा होल सॉ साध्या लोखंडात सुमारे ३५० फेऱ्यांना चालवायचा असतो, ५० चा १७० ला, ७५ चा ११५ ला. स्टेनलेसला याच्याही निम्मा. म्हणजे पंचविसाचा होल सॉ तुम्ही आठपट वेगाने फिरवताय. कारण सोपं आहे: कटर जितकं मोठं, तितका एका फेरीत दात जास्त अंतर कापतो, म्हणून फेऱ्या कमी हव्यात. ट्रिगरजवळच्या चाकाने वेग कमी करा. दोन गिअरचं मशीन असेल तर एक नंबर. वेग कमीच होत नसेल, एकाच वेगाचं जुनं मशीन असेल, तर त्यावर मोठा होल सॉ लावू नका.

वेग कमी करून हात मात्र ठाम ठेवा. स्टेनलेसवर हलक्या हाताने घासत बसलात तर पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि मग चांगलं कटरही आत शिरत नाही. सतत, एकसारखा दाब द्या. कीस कुरळा निघतोय म्हणजे कापतंय. पूड पडतेय म्हणजे घासतंय. कानापेक्षा या किसाकडे लक्ष ठेवा, तो कधी खोटं सांगत नाही.

पाणी, तेल आणि अडकलेला भुसा

फरशी आणि ग्रॅनाइटला पाणी, लोखंडाला तेल, लाकडाला काहीच नको. डायमंड कटर कोरडं चालवलं तर थर जळतो. भिंतीवर कोणाला तरी फवाऱ्याची बाटली घेऊन उभं करा आणि पाणी थेंबाथेंबाने कटरच्या कडेला द्या, मशीनकडे उडू देऊ नका. वायरच्या मशीनपेक्षा इथे बॅटरीचं ड्रिल बरं. वायरचंच असेल तर घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) चालू आहे ना हे आधी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. डोक्यावरच्या छतात पाणी मारत वायरचं मशीन कधीच चालवू नये. पाणी धूळही बसवतं, आणि दगड-फरशीची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क घाला.

होल सॉ मध्येच थांबला तर बाहेर काढा आणि आत बघा. कापलेली चकती आत अडकलेली असते, किंवा भुसा भरून दात झाकले गेलेले असतात. दात मालापर्यंत पोहोचतच नाहीत, मग कापणार काय? स्क्रू ड्रायव्हरने चकती काढा. मशीनचा प्लग काढून, नाहीतर बॅटरी उतरवून. जाड लाकडात दर सेंटिमीटरला बाहेर काढून झटकायची सवय लावा.

धार, पायलट बिट, आर्बर

आता थोडे पैसे लागतील. होल सॉच्या मधलं पायलट बिट दातांच्या पुढे आलेलं हवं आणि त्याला धार हवी. ते बोथट असेल तर मोठे दात मालाला टेकतच नाहीत, आणि माणूस सगळा होल सॉच फेकून देतो. पायलट बिट वेगळं मिळतं, तेवढंच बदला.

आर्बर, म्हणजे होल सॉ ज्या दांड्यावर आवळतो तो, हलतोय का बघा. १४ ते ३० मिमीच्या होल सॉचा आटा अर्धा इंची आणि ३२ च्या पुढे पाच-अष्टमांश इंची असतो. मोठ्यांच्या आर्बरला दोन पिना असतात; त्या होल सॉच्या भोकांत बसल्या नाहीत तर सगळा भार आट्यावर येतो. मग भोक अंडाकृती पडतं आणि होल सॉ आर्बरवर असा आवळला जातो की सोडवता येत नाही.

डायमंड कटर चांगलं असून अचानक घसरायला लागलं तर ते संपलेलं नसेल, कड गुळगुळीत झाली असेल. पाणी घालून लाल विटेत किंवा सिमेंटच्या ब्लॉकमध्ये तीन-चार वेळा थोडं थोडं चालवा. वरचा थर झिजून आतले नवे कण उघडे पडतात. असं करून फेकायला काढलेली कितीतरी कटरं मी पुन्हा चालू करून दिली आहेत.

आणि ड्रिलच्या चकमध्ये ग्राइंडरची कापायची चकती लावायचा जोड बाजारात मिळतो, तो घेऊ नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो आणि त्याला गार्ड असतो. ड्रिलवर ती चकती कापण्याइतकी फिरत नाही, गार्ड नाही, आणि चक हा सरळ दाबासाठी बनलेला आहे, बाजूच्या ओढीसाठी नाही. अडकली तर चकती फुटून तोंडावर येते. लाकडाच्या गोल करवतीचं पातंही तसंच. कापायचं असेल तर ग्राइंडर भाड्याने घ्या.

मशीनकडे शेवटी

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर मशीन. आधी वीज: शेतावर किंवा बांधकामावर पन्नास-साठ मीटर पातळ वायरीच्या टोकाला मशीन रडतं, तापतं. तेच मशीन घरातल्या प्लगला लावून बघा; जोर आला तर दोष वायरीचा. मग कार्बन ब्रश: मागच्या फटीतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील किंवा मशीन मध्येच बंद-चालू होत असेल तर जोडी बदला, एकच नको. मग चकचा डोल: सरळ दांडा लावून हळू फिरवा, टोक गोल घुमत असेल तर चक बदलायला आला. हे काम आमच्याकडे आणा. चकच्या आत उलट्या आट्याचा स्क्रू असतो. तो नेहमीच्या दिशेने जोर लावून सोडवायला गेलात की तुटतो.

इथे हात थांबवा

मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर लगेच प्लग काढा आणि ते मशीन दुरुस्त होईपर्यंत कोणालाही देऊ नका. जळका वास मोटरमधून येत असेल तर तेच.

काँक्रीटमध्ये बिट अचानक थांबलं आणि करड्या पुडीत चकाकणारे कण दिसले, तर ती सळई आहे. भोक दोन इंच बाजूला घ्या. कॉलम किंवा बीममध्ये सळई कापून पुढे जाऊ नका, आणि तिथे पाइपसाठी मोठं भोक हवं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक मिलिमीटरही नाही. स्लॅबमधून चार इंची पाइप न्यायचा तर कोअर कटिंगवाल्याला बोलवा; त्याचं मशीन स्टँडवर बोल्टने बसवलेलं असतं, हातातल्या ड्रिलचं ते काम नव्हे.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत, तसंच नळाच्या वरच्या रेषेत भोक पाडण्याआधी इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबरला दाखवा. पाइपगॅसची लाइन जवळ असेल तर गॅस पुरवणाऱ्यांच्या माणसाशिवाय नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्याला कोरडं भोक पाडू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात राहते. आधीच तडा असलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्याचं काम ग्रॅनाइटवाल्या मिस्त्रीलाच द्या.

आणि तरीही मशीन दुरुस्तीला आणणार असाल, तर फक्त मशीन आणू नका. जे कटर लावलं होतं ते जळलेलं असलं तरी सोबत आणा, आणि त्या फरशीचा, पत्र्याचा किंवा प्लायचा एक तुकडा.